गाडी काढा, भाऊजी

रेघ्याला पृथ्वीची काळजी होती असं तुम्हाला कुणी सांगितलं, तर खुशाल समजा की त्या माणसाने रेघ्याला पाहिलेलंसुद्धा नाही. शहराचा धूर कमी व्हावा म्हणून त्याच्याइतका राबलेला माणूस अख्ख्या महापालिकेत सापडणार नाही, हे खरं. पण ते पृथ्वीसाठी नव्हतं हो. ते भाऊजींसाठी होतं. भाऊजींचं नाक रस्त्यावर घासायचं, आणि तेही सरकारी पिवळ्या रंगात, एवढं एकच खूळ त्याच्या डोक्यात होतं.

रेघ्या म्हणजे रस्त्यावर रेघा मारणारा. झेब्रा पट्टे, सिग्नलची रेघ, गाडी उभी करायची नाही अशी कडेची पिवळी रेघ, सगळं त्याच्या हातचं. त्याचं खरं नाव घरातही कुणी घेत नसे. आईसुद्धा रेघ्याच म्हणायची, फक्त ती म्हणायची तेव्हा ते नाव जरा बरं वाटायचं. काम तसं सरळ. खडू लावलेली दोरी ताणायची, फटकन जमिनीवर आपटायची, म्हणजे खूण उमटते. टाकीत वितळवलेला रंग ढकलगाडीत ओतायचा आणि खुणेवरून चालत सुटायचं. मागून एकजण काचेचे बारीक मणी टाकत येतो. रेघ गरम असते तोवर मणी तिच्यात रुततात, मग अंधारात दिव्यांच्या उजेडात ती चमकते. रेघ थंड झाली की संपलं, मणी गटारात.

म्हणून टोळीचा एक रिवाज होता. रेघेच्या जागेवर गाडी उभी असली तर मालकाला शोधत बसायचं नाही. तेवढी जागा सोडायची आणि पुढे निघायचं, कारण तापलेला रंग कुणासाठी थांबत नाही. "दात पडला रे!" असं मुकादम ओरडायचा, की मागच्याला कळायचं, इथे जागा सुटली. पडलेला दात नंतर येऊन भरायचा असतो. आता तुम्हीच सांगा, सरकारी कामात नंतर कधी येतं का? शहरभर अशा दात पडलेल्या रेघा होत्या, आणि रेघ नाही तिथे दंडही नाही. ही गंमत रेघ्यानेच एकदा ताईकडे जेवताना भाऊजींना खिदळत सांगितली होती. तेव्हा बरे दिवस होते.

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. रेघ्याचं घर गल्लीच्या आत, ताईचं गल्लीच्या तोंडावर, कोपऱ्यात. भाऊजींचं चष्म्याचं दुकान. जगाच्या डोळ्यांचे नंबर काढून देणाऱ्या या माणसाला आपली गाडी गल्लीच्या तोंडात अर्धी घुसते, एवढं मात्र दिसत नव्हतं. पांढरी, चकचकीत, रोज पुसलेली गाडी. दुपारी जेवायला आले की तिथेच लावायची, डुलकी काढायची, मग चालवत दुकानात. रेघ्याची ढकलगाडी उरलेल्या फटीतून जात नसे. झालं, रेघ्याचा फोन. "भाऊजी, गाडी काढा." भाऊजी डोळे चोळत खाली यायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा. कधी ढकलगाडी असायची, कधी कुणाची सायकल, आणि खरं सांगायचं तर कधी काहीच नसायचं. नुसती त्यांची झोप मोडली की रेघ्याला उकळ्या फुटायच्या. "अहो, तो तुम्हाला छळतोय," ताई हसत म्हणायची. भाऊजी चिडायचे, रेघ्या दात काढायचा, आणि आई म्हणायची, "कशाला रे त्या माणसाच्या मागे लागतोस?"

मग ती दुपार आली.

आईला दम लागला. तसा नेहमीचाच, पण या वेळी ओठ निळे पडले. ताई तिला छातीशी धरून बसली होती. ॲम्ब्युलन्स आली, तीही लवकर आली, आणि गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. ऑक्सिजन गाडीत, आई गल्लीत, आणि मधे भाऊजींची गाडी. किल्ली भाऊजींच्या खिशात आणि भाऊजी कुठे ते कुणाला ठाऊक नाही. रेघ्याने फोन लावला. वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा. स्ट्रेचर त्या फटीतून येईना, म्हणून आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवली आणि चौघांनी उचलली. आरसा मुडपून, खुर्ची तिरपी करून, भिंत आणि गाडी यांच्यामधून तिला ओढत काढली. खुर्चीचा पाय गाडीच्या दारावर घासला तो आवाज रेघ्याच्या कानातून पुढे कधी गेला नाही. पलीकडे पोचेपर्यंत आई खुर्चीतच गेली.

तेवढ्यात समोरच्या न्हाव्याच्या दुकानातून भाऊजी धावत आले. एका गालाला साबण, दुसरा गाल तुळतुळीत, गळ्याला ते पांढरं कापड तसंच. "काय झालं? काय झालं?" अहो, काय झालं म्हणून काय विचारता!

"फोन कापडाखाली होता, कळलंच नाही," असं भाऊजी सगळ्यांना सांगत राहिले. लोकांनी मान डोलावली. मामा रेघ्याला बाजूला घेऊन म्हणाले, "जावई आहेत ते. मुद्दाम का केलंय? ताईच्या संसाराकडे बघ आणि गिळून टाक." रेघ्याने गिळलंही असतं. पण दोन दिवसांनी त्याने खिडकीतून पाहिलं, भाऊजी गाडीपाशी उभे होते आणि दारावरच्या त्या ओरखड्यावरून बोट फिरवत होते. सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझी आई गेली आणि या माणसाला रंग गेल्याचं दुःख! रेघ्याच्या मनात गाठ बसली ती तिथे. त्याला भाऊजींकडून पैसा नको होता, काही नको होतं. 'चुकलं माझं' एवढे दोन शब्द हवे होते, आणि ते काही भाऊजींच्या तोंडातून निघेनात. गाडीसुद्धा तिथेच लागत राहिली, बोटभर मागे घेऊन. म्हणजे उपकारच!

रेघ्या त्यांच्याशी बोलायचा बंद झाला. बायकोशी बोलताना मात्र दिवसरात्र भाऊजीच. तेही 'ते असं करतात, ते तसं करतात'. एकदा बायको म्हणाली, "द्वेष करायचा तर निदान एकेरीत करा हो. अहो-जाहो करून कसला सूड उगवताय?" पण ताईचा नवरा, जीभ वळत नव्हती. करणार काय?

आणि मग एक दिवस वॉर्ड ऑफिसच्या हॉलमध्ये सगळ्या टोळ्यांना बोलावलं. नवीन इंजिनीयर मॅडम उभ्या राहिल्या. शहर हवेत किती वायू सोडतं, त्यातला किती इमारतींच्या विजेतून, किती सडणाऱ्या कचऱ्यातून आणि किती गाड्यांच्या नळकांड्यातून, हे त्या समजावत होत्या. मागच्या रांगेत रेघ्या पेंगत होता. "कचरेवाले कचरा बघतील, वीजवाले वीज बघतील," मॅडम म्हणाल्या, "आपल्या वाट्याला रस्ता आलाय. मोठ्या रस्त्यांच्या कडेची पार्किंगं आपण काढणार. तिथे बसची वेगळी लेन, रुंद फुटपाथ, झाडं. बस विजेवरच्या येतायत, पण त्या गर्दीत अडकल्या तर कोण बसेल त्यांच्यात? आणि एक लक्षात ठेवा, ज्याला गाडी लावायला जागा नसते, तो गाडी बाहेर काढताना दहादा विचार करतो."

रेघ्याची झोप खाडकन उडाली. त्याने हात वर केला. "मॅडम, सगळी पार्किंगं जाणार?"

"मोठ्या रस्त्यांवरची सगळी."

"गल्लीच्या तोंडावरची पण?"

"ती तर सगळ्यात आधी. अग्निशमनची गाडी, ॲम्ब्युलन्स अडतात तिथे."

रेघ्याचे डोळे भरून आले. मॅडमना वाटलं, केवढा हा निसर्गाचा कळवळा! त्यांनी पुढे एका कार्यक्रमात त्याला सगळ्यांसमोर उभं केलं, टाळ्या वाजवायला लावल्या आणि एक कुंडीतलं रोप दिलं. रेघ्याने ते घरी आणून भाऊजींच्या खिडकीसमोरच्या कट्ट्यावर ठेवलं, रोज सकाळी त्यांना दिसेल असं.

मग सुटला तो. शहराच्या ज्या ज्या रस्त्यावर पिवळी रेघ मारायची होती तिथे रेघ्या हजर, दुसऱ्याची पाळी असली तरी हजर. प्रत्येक गाडीवाला त्याला भाऊजींसारखा दिसायचा. लोक बाल्कनीतून शिव्या घालायचे, "आमच्या गाड्या काय डोक्यावर ठेवू?" म्हणून अंगावर यायचे, आणि हा दोरी आपटत म्हणायचा, "ठेवा की. डोकं रिकामंच आहे." मुकादम कपाळाला हात लावायचा. पण रेघ सरळ पडायची, दोरीलाही लाजवेल अशी. बसच्या लेन वाढत गेल्या. बस मोकळ्या पळायला लागल्या, माणसं त्यांच्यात चढायला लागली. मॅडमच्या कागदावरचा धुराचा आकडा खाली आला म्हणे. रेघ्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. तो आपल्या रस्त्याची वाट बघत होता.

एका रविवारी सकाळी तो रस्ता आला. रेघ्याने आदल्या संध्याकाळीच दाढी केली होती, सकाळी धुतलेला शर्ट घातला. टोळी रेघ ओढत कोपऱ्यापर्यंत पोचली, आणि तिथे पांढरी गाडी उभी. भिंतीला चिकटून, अगदी मापात. भाऊजी वर बाल्कनीत चहा पीत होते.

रंग तापलेला. मुकादम रेघ्याच्या तोंडाकडे बघेना. नाइलाजाने ओरडला, "दात पडला रे!"

"पडला का?" वरून भाऊजी म्हणाले. "अरेरे." आणि कप उचलून दाखवला.

रेघ्याच्या अंगाचा तिळपापड झाला. आपणच ताटावर बसून शिकवलेली युक्ती या माणसाने आपल्यावरच उलटवली! तो मॅडमकडे धावला. म्हणाला, गाडी उचलून न्या. मॅडम म्हणाल्या, उचलायला आधी रेघ हवी. हा म्हणाला, मग रेघ मारतो. त्या म्हणाल्या, रेघ मारायला आधी जागा मोकळी हवी. असा तो नियम स्वतःचीच शेपटी धरून गोल फिरत होता.

आता खरी लढाई लागली. टोळी दर दोन-चार दिवसांनी चक्कर मारायची आणि भाऊजींना ते पक्कं ठाऊक होतं. गाडी हलली की जागा गेली. म्हणून त्यांनी गाडी हलवणंच सोडलं. ऐकताय ना? गाडी ठेवायची जागा वाचवायला म्हणून गाडी वापरायची बंद! दुकानात भाऊजी बसने जायला लागले. नवी विजेची बस, तिची वेगळी लेन, रेघ्याच्याच हातची. रेघ्या रोज सकाळी गाडीच्या चाकाला एक खडा टेकवून ठेवायचा आणि संध्याकाळी वाकून बघायचा, खडा हललाय का. "दुसऱ्याच्या गाडीखाली डोकं घालून बसायची लाज नाही वाटत?" बायको विचारायची. नाही वाटत, तो म्हणायचा.

मॅडमना ही हकीकत कळली तेव्हा त्या खुर्चीत मागे रेलून पोट धरून हसल्या. "अहो, मग आपलं काम झालंच की! गाडी उभी, माणूस बसमध्ये. धूर थांबला."

"धूर थांबला म्हणून मी नाचू का?" रेघ्या त्यांच्यावरच खेकसला. "मला रेघ पाहिजे!"

 मॅडमना दिसलेला निसर्गाचा कळवळा त्या दिवशी संपला.

गाडीवर धूळ बसली, पाचोळा साठला. चाकं बसली, बॅटरी मेली. उंदरांनी वायरी कुरतडल्या. वर्ष उलटलं तरी गाडी तिथेच, एखाद्या हट्टी म्हातारीसारखी. शेवटी ताईच वैतागली. तिने भाऊजींना न विचारता जुन्या गाड्या घेणाऱ्याला बोलावलं. साखळी लावून त्याने ती खेचायला सुरुवात केली तेव्हा रेघ्या फुटपाथवर हाताची घडी घालून उभा होता. वाजंत्री लावावी असं त्याला वाटत होतं. गाडी त्याच्या समोरून घसटत गेली, आणि त्याला दारावरचा ओरखडा दिसला. जसाच्या तसा. बंपरचा जुना पोचा काढलेला होता, मागची चीर गेलेली काच बदललेली होती, पण त्या ओरखड्याला कुणी रंग लावला नव्हता. रेघ्याला रेघांचं वेड, त्यामुळे ते त्याच्या डोळ्यांत राहिलं. पण तेव्हा त्याला विचार करायला सवड नव्हती. त्याने टोळीला हाक मारली.

गाडीखाली तेलाचा काळा डाग पडला होता. तेलावर रंग धरत नाही. रेघ्याने तो आधी गॅसच्या जाळाने भाजला, मग तारेच्या ब्रशने गुडघ्यावर बसून घासला, घाम गळेपर्यंत घासला. दोरी आपटली आणि दात भरला. मणीसुद्धा त्याने दुसऱ्याला टाकू दिले नाहीत. खिडकीत भाऊजी उभे होते. रेघ्याने वर बघितलं. आता तरी बोला! भाऊजी आत निघून गेले.

ताई पाण्याचा तांब्या घेऊन खाली आली. "झालं समाधान?"

"नाही."

"का रे?"

"ते म्हणालेत का, चुकलं म्हणून?"

"आणि म्हणाले तर आई उठून येणार आहे?" ताईचा आवाज चढला. "आई तुझ्या एकट्याची होती का रे? मी तिला धरून बसले होते. तू तरी मोकळा होतास फोन लावायला. मला रडायलासुद्धा दोन्ही घरं बंद केलीत तुम्ही. इकडे आले तर तू तोंड फिरवतोस, तिकडे ते." तिने तांब्या तिथेच रेघेशेजारी ठेवला आणि गेली. पाणी रेघ्याने प्यायलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेघ्या नेहमीच्या बसला चढला. भाऊजी एरवी याच्यानंतरची बस पकडायचे, तोंड दिसायला नको म्हणून. त्या दिवशी चढले. बस भरलेली होती. रिकामी जागा एकच, रेघ्याच्या शेजारी. भाऊजी जरा वेळ दांडा धरून उभे राहिले आणि मग बसले. खांद्याला खांदा. गाडीत बसून माणूस दुसऱ्याला चुकवू शकतो, बसमध्ये कुठे जाणार? रेघ्याने खिडकीकडे तोंड केलं.

दोन स्टॉप गेले. बाजूला मोटारींची रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती, बस आपल्या लेनमधून निघाली होती. इतक्यात मागून सायरन. ड्रायव्हरने बस कडेला दाबली आणि ॲम्ब्युलन्स त्या मोकळ्या लेनमधून सूं करत पुढे गेली, एकदाही न थांबता. 

"मला कळला होता," भाऊजी म्हणाले.

रेघ्याने मान वळवली.

"फोन. कापडाखाली नव्हता, हातातच होता. तुझं नाव दिसलं. म्हटलं, आला याचा फोन, काढायला लावेल गाडी, हसेल. बसू दे बोंबलत. मी कापला." त्यांचे हात मांडीवर नुसते पडले होते. "प्रत्येक वेळी मीच कापला. चुकलं माझं. त्या ओरखड्याला रंग लावायला मला कधी जमलं नाही."

आले! ते शब्द आले. कितीदा मनात ऐकले होते रेघ्याने, कितीदा ठरवलं होतं की ते ऐकले की समोरच्याच्या तोंडावर थुंकायचं, मग सुखाने झोपायचं. पण आता त्याला फक्त भाऊजींची दुपारची झोप आठवत होती, ते डोळे चोळत खाली येणं आणि आपलं खिदळणं. गल्लीत ढकलगाडी नसतानाही केलेले ते फोन. या माणसाला आपला फोन कापायची सवय आपणच लावली होती, रोज, हौसेने. आईने सांगितलं होतं, कशाला मागे लागतोस म्हणून. आणि पुढच्या क्षणी त्याला संताप आला, भाऊजींचा आणि स्वतःचाही. असं कसं सोडीन? एवढ्यावर कसं सोडीन?

त्याने खिशातून फोन काढला. भाऊजींचा नंबर त्याने पुसला नव्हता, कधीतरी शिव्या घालायला लागेल म्हणून ठेवला होता. त्याने तो लावला.

भाऊजींच्या खिशात फोन वाजला. त्यांनी काढला. पडद्यावर नाव आलं. त्यांनी रेघ्याकडे बघितलं.

"उचला," रेघ्या म्हणाला.

"अरे, इथे शेजारी—"

"उचला म्हणतो ना!"

पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. भाऊजींनी फोन उचलला आणि कानाला लावला.

"भाऊजी," रेघ्या फोनमध्ये म्हणाला, समोरच्या काचेकडे बघत. "गाडी काढा. आईला न्यायचंय. तिला श्वास घेता येत नाहीये."

भाऊजींनी फोन कानाला घट्ट दाबला.  आज रेघ्या सोडणार नव्हता.

"ऐकू येतंय का? ॲम्ब्युलन्स आलीय. गाडी काढा."

"आलो," भाऊजी म्हणाले. त्यांचा चष्मा ओला झाला होता. "आलो रे. आलोच मी."

भाऊजींच्या दुकानाचा स्टॉप आला आणि गेला. रेघ्याने फोन कानावरून काढला नाही आणि त्यांनाही काढू दिला नाही.